पारवा कुठे गेला?

"काकू, तुमचा पारवा राहिला."

चौथीतला मुलगा होता. मे महिन्यातली सकाळ, साडेआठलाच चटके देणारं ऊन, सायकल एका पायावर तोललेली. भिंतीवरचे पट्टे तो बोटाने मोजत होता: ता, ना, पि, हि, नि... आणि मग एकदम जा. तानापिहिनिपाजा पाठ असलेल्या कुठल्याही मराठी पोराला ही गळती दिसलीच असती. आम्ही नऊ मोठी माणसं मात्र या समजुतीत होतो की आमचं इंद्रधनुष्य कुणाच्या डोळ्यावर आलेलं नाही.

मी परांचीवरूनच म्हणाले, "यात सहाच असतात."

"कशात?"

त्या 'कशात'ला मी उत्तर दिलं नाही. तो घरी गेला, त्याने आईला विचारलं, आईने मोबाइलवर शोधलं. रात्री नऊपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन फोटो आले होते: वर आमची भिंत, खाली परदेशातल्या समलिंगींच्या कुठल्याशा मोर्चातला सहा रंगांचा झेंडा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ब्रश घेऊन पोचलो तेव्हा बासष्ट फूट भिंतीवर बांधकामाची हिरवी जाळी टांगलेली होती.

त्यानंतरच्या काळात तीन-चार जणांनी मला विचारलं, 'तुम्ही हे कसं जमवलंत?' प्रत्येकाला मी गोष्ट शेवटाकडून सांगितली आणि सुरुवातीची चूक गाळली. म्हणून इथे पहिल्यापासून लिहिते आहे.

अर्ज

मी चित्रकलेचे क्लास घेते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुलं येतात, स्थिरचित्र आणि संकल्पचित्र शिकतात, ग्रेड घेऊन जातात. असाच एक जुना विद्यार्थी, आता सातपूरच्या कंपनीत नोकरीला असलेला, एका संध्याकाळी मित्राला घेऊन आला. मित्र म्हणजे नुसता मित्र नाही, हे त्याने चहा संपायच्या आत सांगितलं. त्यांना शहरात एक भिंत हवी होती. बंगळुरूमध्ये २०१६ साली पूर्णिमा सुकुमार यांनी सुरू केलेला अरावनी आर्ट प्रोजेक्ट त्यांनी पाहिला होता. तिथे पारलिंगी स्त्रिया स्वतः हातात ब्रश घेऊन रस्त्यावरच्या भिंती रंगवतात, आणि त्यांचं काम २०२४ च्या व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनापर्यंत पोचलं. 'मग नाशिकला एक भिंत का नको?' एवढाच प्रश्न होता.

भिंत माझ्या ओळखीतून मिळाली. गंगापूर रोडला लागून असलेल्या एका गल्लीतल्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीची ही कुंपणभिंत, रस्त्याच्या बाजूने सात फूट उंच. समितीला ती रंगवून हवीच होती, आणि कारण कलेचं मुळीच नव्हतं. संध्याकाळनंतर रस्त्यावरचे पुरुष त्या कोपऱ्याचा जो उपयोग करत, त्याने तळमजल्यावरची माणसं वैतागली होती. उपाय म्हणून देवांच्या तीन टाइल्स चिकटवल्या होत्या. त्यातल्या दोन फुटलेल्या. सचिवांना मी म्हणाले, फुकट रंगवून देते. त्यांनी लगेच अर्ज मागितला.

अर्जात मी विषय लिहिला, 'सामाजिक सलोखा व विविधता'.

खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि खरंही काही नव्हतं. मुलं म्हणाली होती, 'मॅडम, आधी रंगून तर होऊ दे, मग बघू.' मलाही ते शहाणपणाचं वाटलं. आमच्यात एक तृतीयपंथी गुरू होत्या, दोन चेल्यांसह आलेल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या एकट्यांनी विचारलं, "आम्ही कोण ते त्यांना सांगितलंय ना?" मी म्हणाले, "सांगू." मावशींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विषय सोडून दिला. लोक 'सांगू' कधी म्हणतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

काय काढायचं

मावशींच्या धाकट्या चेलीचं म्हणणं, सप्तशृंगगड काढू. कोजागरीला गडावर ठिकठिकाणचे तृतीयपंथी येतात, छबिना निघतो, रात्रभर टाळ्या आणि गाणी. नाशिक जिल्ह्यात या माणसांचा उत्सव साऱ्या गावासमोर, देवीच्या दारात होतो, आणि तो कुठून आयात केलेला नाही. मला कल्पना इतकी आवडली की मी लगेच देवीचं रेखाटन सुरू केलं. मावशींनी माझा हात धरला. "त्या कोपऱ्यात आईला बसवणार? लोक काय करतात तिथे, माहितेय ना?" मग जरा थांबून, "देव लावले तरी थांबले नाहीत. आता आमचे चेहरे लावून बघा. आम्हाला बघून तरी लाजतील." यावर सगळ्यात मोठ्याने त्या स्वतःच हसल्या.

म्हणून भिंतीच्या डाव्या अंगाला देवी नाही. चंद्र आहे, सात शिखरं आहेत आणि चढणाऱ्या माणसांची रांग आहे. त्यातले तीन चेहरे खरे: मावशींचा आणि दोन चेल्यांचा. मावशींची अट होती की चेहरा पूर्ण हवा, समोरून हवा, आणि नाकातली चमकी दिसली पाहिजे.

कंपनीतल्या मुलांची अट नेमकी उलटी होती, चेहरा अजिबात नको. एकाचे आईवडील सिडकोत राहतात आणि त्यांना काही माहीत नाही. दुसऱ्याचा सुपरवायझर रोज याच रस्त्याने जातो. ज्या शहरात चित्र काढायचं तिथेच त्यांना उद्या कामावर जायचं होतं. मावशी त्यांना भित्रे म्हणाल्या, आणि मग लगेच म्हणाल्या, "आम्हाला लपायची सोयच नव्हती, म्हणून आम्ही शूर." दोन महिन्यांतलं सगळ्यात खरं वाक्य ते होतं, असं मला अजून वाटतं. एकाच झेंड्याखाली उभ्या असलेल्या या माणसांच्या अडचणी एकसारख्या नाहीत. भिंतीवर चेहरा असणं एकीसाठी मान होता आणि दुसऱ्यासाठी नोकरीवर गदा.

तोड निघाली ती हेल्मेटची. स्कूटरवर दोन पुरुष, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, मागच्याचा हात पुढच्याच्या कमरेभोवती. 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही मोहीम नाशिककरांनी २०२१ मध्ये भोगलेली असल्यामुळे ते चित्र पाहणारे पहिले दोघेतिघे म्हणाले, 'वा, वाहतूक सुरक्षा!' मुलांना त्याचं हसू आलं. मला तेव्हाच थोडं वाईट वाटायला हवं होतं.

उजव्या टोकाला आमच्यातल्या दोन मुलींनी ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या काढल्या. एक लसूण सोलते आहे, दुसरीने पाय तिच्या मांडीवर टाकलेत, मधे चहाच्या दोन बश्या. आम्ही म्हाताऱ्या झाल्यावर अशा असू, असं त्या म्हणाल्या.

आणि या सगळ्याच्या वरून, बासष्ट फूट लांब, सहा रंगांचा पट्टा.

कामाचं थोडक्यात सांगते, कारण कुणाला उपयोग होईल. भिंत जुनी, खालच्या फूटभर पट्टीला ओल आणि पांढरा क्षार. तो तारेच्या ब्रशने खरवडला, प्रायमरचा हात दिला, वर बाहेरच्या भिंतीचं पांढरं इमल्शन, रंग स्टेनरने घातले. खालची ओल मुळातून गेली नव्हती, ती नंतर बोललीच. सकाळी सहा ते नऊ काम. उन्हामुळे सगळ्यांनीच तोंडाला स्कार्फ बांधलेले, त्यामुळे मे महिन्यात कुणी कुणाला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. सचिव रोज फिरायला जाताना थांबत. पट्टा पाहून एकदा म्हणाले, "रंगपंचमीला रहाडीत धप्पा मारल्यासारखं वाटतं बघा!" आम्ही मान डोलावली. रहाड म्हणजे नाशिकचा रंगाच्या पाण्याचा हौद, आणि धप्पा म्हणजे त्यात मारलेली उडी.

जाळी

जाळी टांगल्यावर मुलांना राग आला. मला आधी भीती वाटली आणि मग, हळूहळू, लाज.

सचिवांनी फोनवर फक्त एवढं म्हटलं, "मॅडम, तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी नाही म्हणालो असतो की नाही, हे मलाही माहीत नाही. पण तुम्ही मला विचारलंच नाही." ग्रुपवर ते एका बाजूने शिव्या खात होते, भिंत देऊन टाकली म्हणून, आणि दुसऱ्या बाजूने टोमणे, कळलंच कसं नाही म्हणून. ज्या गोष्टीचा त्यांना पत्ता नव्हता तिची बाजू मांडायची वेळ त्यांच्यावर आली होती.

त्या दिवसांत मी इतर ठिकाणी काय झालं ते वाचत बसले. वॉर्सामध्ये युलिता वुयचिक या कलावतीने हजारो कृत्रिम फुलांची इंद्रधनुष्याची मोठी कमान केली होती. २०१२ मध्ये ती एका चौकात उभी राहिली. कलावती म्हणत होती की यात राजकारण नाही, हे साधं इंद्रधनुष्य आहे. लोकांनी ते साधं मानलं नाही. कमान पुन्हा पुन्हा जाळली गेली, पुन्हा पुन्हा फुलं लावली गेली, आणि २०१५ मध्ये ती उतरवली. न्यूयॉर्कमधली गोष्ट वेगळी. जॉर्ज सीगल यांना १९७९ मध्ये समलिंगी माणसांवरच्या शिल्पाचं काम मिळालं: दोन पुरुष उभे, दोन बायका बाकावर बसलेल्या, सगळे पांढरे. कुणी काही करत नाही, नुसते आहेत. क्रिस्टोफर पार्कमध्ये ते बसायला १९९२ उजाडलं.

दोन्ही ठिकाणी विरोध झालाच, पण सीगल यांच्या शिल्पात काय आहे ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. भांडण त्या शिल्पाचंच होतं. आमचं भांडण चित्राचं नव्हतं, अर्जाचं होतं. चित्राविरुद्ध एक शब्द बोलायची संधी आम्ही त्या चाळीस घरांना दिली नव्हती, आणि बाजूने बोलायचीही नाही.

जाळी पावसाळाभर राहिली. ओल्या जाळीने भिंतीला श्वास घेऊ दिला नाही, खालच्या पट्टीत रंगाला फोड आले. मावशी एकदा बघायला आल्या आणि म्हणाल्या, "रहाडीसारखं झालं. रंग खाली आहे हे सगळ्यांना ठाऊक, वर झाकण." नाशिकच्या पेशवेकालीन रहाडी वर्षभर अशाच बुजवलेल्या असतात, रंगपंचमीपुरत्या उघडतात. सचिवांची उपमा मावशींनी ऐकलेली नव्हती.

दुसरा अर्ज

सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ऑगस्टमध्ये मी सचिवांना दुसरा अर्ज दिला. विषय सरळ लिहायचा, एवढं ठरलं होतं. तो लिहायला मात्र तीन बैठका लागल्या.

कारण शब्द. मावशींना 'तृतीयपंथी' चालत होता. चेलीला तो आवडत नव्हता. ती म्हणे, 'पहिला-दुसरा कुणी ठरवला?' तिला 'पारलिंगी' हवा होता, पण बोलताना ती स्वतः 'ट्रान्स' म्हणायची. कंपनीतल्या मुलांना 'समलिंगी' हा डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा शब्द वाटायचा, ते आपसात 'गे' म्हणत. 'क्विअर' देवनागरीत लिहून पाहिला, तर माझ्या क्लासमधल्या मुलाने तो 'क्वीन' वाचला. आणि त्या दोन मुलींसाठी मराठीत असा एकही शब्द सापडेना जो त्यांच्या आजीने कधी उच्चारला असेल. 'मैत्रिणी' सोडून.

शेवटी अर्जात सगळेच शब्द घातले. कोण रंगवणार, चित्रात कोण आहे, सहा रंगांचा अर्थ काय, कुणाचा चेहरा खरा आहे, सगळं. रंगाच्या दुकानदाराने सवलतीच्या बदल्यात कोपऱ्यात दुकानाचं नाव मागितलं होतं, तेही लिहिलं. समितीतल्या एका वकिलांनी त्यावर बोट ठेवलं: १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याप्रमाणे सार्वजनिक नजरेसमोर जाहिरात लावायला स्थानिक संस्थेची लेखी परवानगी लागते. दोन पुरुष स्कूटरवर दाखवल्याने कायदा अडत नव्हता, दुकानाचं नाव लिहिल्याने अडला असता. दुकानदाराचे पैसे पूर्ण दिले आणि तो विषय मिटला.

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आमचा विषय क्रमांक सात. लिफ्टच्या देखभालीच्या करारावर तासभर गेला, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा जास्त आवाज त्यात चढले. मावशी आणि मुलं शेवटच्या रांगेत, पाहुणे म्हणून बसली होती.

सगळ्यात आधी एक निवृत्त बँक अधिकारी उठले. "बाई, विषय नंतर. आधी हे सांगा, मे महिन्यात तुम्ही आम्हाला फसवलंत की नाही?" मी हो म्हणाले. अजून स्पष्टीकरण येईल म्हणून ते थोडा वेळ उभेच राहिले. मग बसले.

त्यानंतर 'हे कायद्यात बसतं का' असा प्रश्न आला. याला उत्तर वकिलांनीच दिलं: सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ रद्द केलं, त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने आपलं लिंग स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला, लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. "आणि इथे कुणी लग्न लावत नाहीये," असं त्यांनी स्वतःच्या पदरचं जोडलं. फ्लॅटच्या भावाची काळजी निघाली, मुलांना काय सांगायचं हे निघालं. सिंहस्थ तोंडावर आहे, बाहेरगावचे लोक काय म्हणतील, हेही निघालं. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "सिंहस्थाला मावशी लोक येत नाहीत का? मी लहानपणापासून बघतेय."

मग दहा मिनिटं चर्चा झाली ती एका हाताची. स्कूटरवरच्या मागच्या माणसाचा. एका सभासदांची सूचना होती की हात कमरेला नको, मागच्या कॅरिअरला धरलेला दाखवा. आमचा कंपनीतला मुलगा, जो तोपर्यंत मान खाली घालून बसला होता, म्हणाला, "काका, काकू कॅरिअर धरून बसतात का?" हशा झाला, काकूंनी मात्र तो प्रश्न गंभीरपणे घेतला आणि म्हणाल्या, "थंडीत नाही. थंडीत मी यांच्या जाकिटाच्या खिशात हात घालते." निफाडचा पारा उतरला की सकाळी नाशिकच्या रस्त्यावर हे दृश्य कुणीही पाहावं. मुलांनी तिथल्या तिथे मान्य केलं, हात कमरेवरून काढून पुढच्याच्या खिशात घालू. सूचना करणारे सभासद समाधानी झाले. आता चित्र आधीपेक्षा जास्त जवळिकीचं झालं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

हात वर करून मतं घेतली. ३१ हजर; १७ बाजूने, ११ विरुद्ध, तिघांनी हात वर केलेच नाहीत. निवृत्त बँक अधिकारी विरुद्ध होते. तरी अट त्यांनीच सुचवली: "राहू द्यायचं असेल तर काय आहे ते मराठीत लिहा. येणारा-जाणारा वॉचमनला विचारतो, त्याने काय सांगायचं?" म्हणून भिंतीच्या मध्यावर, डोळ्याच्या उंचीवर लिहिलं आहे: 'ही भिंत नाशिकमधल्या समलिंगी, पारलिंगी आणि तृतीयपंथी माणसांनी रंगवली आहे.' जे शब्द मी अर्जात लिहायला घाबरले होते, ते भिंतीवर आले ते विरोधकाच्या सूचनेने.

नंतर

सगळे खूश झाले असं नाही. दोन मुली सभेनंतर बराच वेळ गप्प होत्या. पूर्ण सभेत त्यांच्या दोन म्हाताऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बहिणी असतील, शेजारणी असतील, असंच सगळ्यांनी धरलं होतं. एकजण म्हणाली, "आमच्यावर कुणी हरकतसुद्धा घेतली नाही, मॅडम." त्यांनी नंतर एका म्हातारीच्या दंडावर गोंदण काढलं, दुसरीचं नाव. तेही बहुतेक लोक देवाचं नाव समजतात.

कंपनीतल्या एका मुलाची बदली पुण्याला झाली. जाण्याआधी त्याने आईला ती भिंत दाखवली. स्कूटरवर कोण आहे ते सांगितलं नाही. आई म्हणाली, "हेल्मेट घातलंय, बरं केलं." तो मला हे सांगताना हसत होता, पण नीट हसू येत नव्हतं त्याला.

कोपऱ्याचं म्हणाल, तर मावशींचा अंदाज अर्धा खरा ठरला. चेहऱ्यांच्या खाली कुणी उभं राहत नाही. जिथे चेहरे संपतात आणि नुसती शिखरं आहेत, तिथे अजूनही उभे राहतात. खालची ओल परत आली आहे, दर पावसाळ्यानंतर ती पट्टी खरवडून पुन्हा रंगवावी लागेल. हे काम सोसायटीने स्वतःकडे घेतलं आहे, पैसेही त्यांचे. पहिल्या अर्जावर ती मंजुरी कधीच मिळाली नसती.

चौथीतल्या मुलाला मी पारव्याचं उत्तर दिलं, उशिरा का होईना. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर यांनी केलेल्या झेंड्यात आठ पट्टे होते आणि त्यात पारवा होता. गर्द गुलाबी कापड पुरेसं मिळेना, म्हणून आधी गुलाबी गेला. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पट्टे टांगायचे म्हणून सम संख्या हवी होती. आणखी एक रंग गळला, आणि पारव्याच्या जागी गडद निळा आला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कापड नव्हतं म्हणून?" मी हो म्हणाले. त्याला ते कारण अगदीच फुसकं वाटलं.

गेल्या महिन्यात इंदिरानगरकडच्या एका सोसायटीतून फोन आला. त्यांनी भिंत पाहिली होती, त्यांनाही तशीच हवी होती. मी दुसऱ्या अर्जाची प्रत पाठवली. दोन दिवसांनी त्या बाईंचा फोन आला, आवाज फार गोड. म्हणाल्या, "सगळं छान आहे हो. फक्त विषयात 'सामाजिक सलोखा' असं काहीतरी घालता येईल का?"

मी नाही म्हणाले. त्यांचा फोन अजून आलेला नाही.